लेकीची आठवण वेगळी, तिची फाईल वेगळी

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी सव्वाचार वर्षांची, जन्मापासून हृदयाचा एक कप्पा नीट तयारच झाला नव्हता. पहिल्या महिन्यात बीटी शंट, दहाव्या महिन्यात ग्लेन, ही फुप्फुसात रक्त पोचवायची टप्प्याटप्प्याची ऑपरेशनं, आणि आठ महिन्यांपूर्वी त्यातलं तिसरं, फाँटनचं, झाल्यावर अकरा दिवस आयसीयूत राहून ती गेली. पुढच्या महिन्यात, जानेवारीत, तिचा पाचवा वाढदिवस. सासूबाई म्हणतात वस्तू देऊन टाका, फोटो लावू नका, लहान मुलाचं काही करायचं नसतं. नवरा विषयच काढत नाही. मोठा मुलगा आठ वर्षांचा, तो हल्ली मधेच छातीत दुखतंय म्हणतो. तिच्या नावाने काहीतरी करायचंय पण कोण म्हणतं अन्नदान करा, कोण म्हणतं हॉस्पिटलला मशीन द्या. आणि जुन्या फोनमध्ये तिचे व्हॉइस मेसेज आहेत, त्या फोनची बॅटरी फुगलीय.

ताई, मी चोवीस वर्षं लहान मुलांच्या हार्ट वॉर्डात मेडिकल सोशल वर्कर होते, आता ठाण्यात नौपाड्यात असते आणि अशा आईवडिलांशी बोलायचं काम अजून चालूच आहे. उत्तर लांबणार आहे, एका बैठकीत वाचून संपवायची गरज नाही. लेकीचं नाव तुम्ही लिहिलंयत, मी इथे लिहीत नाही, छकुली म्हणते. तुम्ही मात्र घरात तिचं नाव घ्या, सगळ्यांसमोर घ्या.

तुम्ही लिहून पाठवलेलं मी दोनदा वाचलं. त्यात सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, नऊ वेळा आलंय. कुठल्या तारखेला किती होतं, रात्री किती झालं, व्हेंटिलेटर कधी लावला, कधी काढायचा प्रयत्न केला, शेवटच्या दिवशी कुठल्या औषधाचा डोस किती वाढवला, सगळं तारीखवार. आणि तिला काय आवडायचं ते फक्त एका ओळीत, तेही अगदी शेवटी, की तिला खाडीतले फ्लेमिंगो आवडायचे आणि ती त्यांना गुलाबी बदक म्हणायची. ही तुमची चूक नाहीये हो. हार्टच्या मुलांच्या जवळजवळ प्रत्येक आईचं हेच होतं, कारण ती चार वर्षं तुम्ही तिला आकड्यांवरच जगवलंत, ओठ किती निळे, दूध किती एमएल, शू किती वेळा, तुम्ही आई कमी आणि सिस्टर जास्त होतात. मूल गेल्यावर डोळे मिटले की आयसीयूच दिसतं. तो मॉनिटरचा आवाज, त्या नळ्या. सव्वाचार वर्षं एका बाजूला आणि अकरा दिवस एका बाजूला, तरी अकरा दिवसच जड होतात.

म्हणून मला तुम्हाला जे मुख्य सांगायचंय ते एवढंच आहे की कोणालाही काहीही दान द्यायच्या आधी, कुठलाही कार्यक्रम करायच्या आधी, तुमच्या लेकीला त्या हॉस्पिटलच्या फाईलीखालून बाहेर काढा. बाकी सगळं नंतर.

कसं काढायचं? एक साधी दोनशे पानी वही घ्या. त्यात हॉस्पिटलमधलं काही लिहायचं नाही, एवढाच नियम. ती भाताला काय म्हणायची, कोणाच्या मांडीवर झोपायची, कुठल्या चपला उलट्या घालायची, दादाला कशी चावली होती. हो, चावलेलं पण लिहा, हट्ट पण लिहा, खोटं बोललेली ते पण लिहा, कारण गेलेल्या मुलाचा आपण देव करून टाकतो आणि देव झाला की तो आपला राहत नाही, त्याच्यावर रागावता येत नाही, हसता येत नाही. तारखा नकोत, क्रम नको, सुचेल तसं. वही स्वयंपाकघरात ठेवा, म्हणजे घरातला कोणीही येताजाता दोन ओळी लिहील. सुरुवातीला पेन हलणार नाही, सगळं हॉस्पिटलच आठवेल. दोनतीन आठवडे जाऊ द्या. मी कितीतरी घरांत बघितलंय, एकदा एक आठवण सुटली की तिच्यामागून दुसऱ्या येतात.

कळव्याचं एक कुटुंब होतं, त्यांचा मुलगा सहा वर्षांचा, हृदयाचे स्नायू कमजोर होत गेले होते. अशा मुलांना मीठ कमी, पाणीसुद्धा मोजून. त्याला पापड भयंकर आवडायचा. वॉर्डात शेजारच्या कॉटवर कोणाचा डबा उघडला की तो फक्त वास घ्यायचा आणि आईकडे बघायचा, मागायचा नाही, नुसता बघायचा. गेल्यावर त्या बाईंच्या डोक्यात दुसरं काही नाहीच, मी माझ्या मुलाला एक पापड दिला नाही. वर्षभर त्यांच्या घरात पापड आला नाही. त्याच्या वाढदिवसाला त्यांनी एक किलो उडदाचे पापड आणले, गॅसवर एकेक भाजले, आणि बिल्डिंगमधल्या पोरांना जिन्यात बसवून वाटले, कोणाला काही सांगितलं नाही कशाचे आहेत ते. मी गेले होते त्या दिवशी. जिन्यात सगळीकडे पापडाचा चुरा, पोरं ओरडतायत, आणि त्या गॅससमोर उभ्या, चिमट्याने पापड फिरवतायत आणि रडतायत आणि मधेच पोरांना दटावतायत की हात धुवा आधी. गेली काही वर्षं त्या दर वाढदिवसाला हेच करतात. आता रडत नाहीत दरवेळी. मला विचाराल तर एवढं खरं स्मारक मी दुसरं पाहिलं नाही, कारण ते त्या मुलाचं होतं, त्याच्या आजाराचं नव्हतं.

आता सासूबाईंचं. आपल्याकडे मोठं माणूस गेलं की दहावं, तेरावं, मासिक, वर्षश्राद्ध, मग दरवर्षी पितृपक्षातली तिथी. पटो न पटो, घराला एक वेळापत्रक मिळतं, माणसं जमतात, जेवतात, गेलेल्याबद्दल चार गोष्टी निघतात. लहान मुलाचं बऱ्याच घरांत यातलं काहीच नसतं. तान्ह्या बाळाला तर अग्नीही देत नाहीत, पुरतात, आणि त्या जागेवर खूण राहत नाही. आमच्या ओळखीचे एक गुरुजी सांगायचे की एवढ्या कोवळ्या जिवाच्या इच्छा कुठे अडकलेल्या नसतात, त्याला पुढे पोचवायला विधी लागत नाही. त्यात माया आहे, मी नाही म्हणत नाही. पण विधी गेलेल्यासाठी लागत नसला तरी राहिलेल्यांना लागतो ना. मूल गेलं की चौथ्या दिवशी लोक ऑफिसला, आणि महिन्याभरात नातेवाईक म्हणतात, आता सावर, दुसरं होईल, देवाला आवडली. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी एका आईला म्हटलं होतं, तुम्ही तरुण आहात, होईल अजून. तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी आजही विसरलेले नाही. त्यानंतर हे वाक्य मी कधी उच्चारलं नाही.

तर विधी नसतो म्हणजे मनाई असते असं नाही. विधी नसतो म्हणजे जागा रिकामी आहे, तिथे तुम्ही तुमचं काय ते ठेवू शकता. फोटो लावायचा तर हार घालायलाच हवा असं कुठे आहे? बिनहाराचा, हसरा, हॉस्पिटलच्या बँडशिवायचा फोटो घरातल्या इतर फोटोंच्या मधोमध लावा, देवघराशेजारी नको, एकटा नको. दादाच्या शाळेच्या फोटोशेजारी ती. सासूबाईंशी भांडू नका एवढीच विनंती. त्या पिढीला दुःख झाकायलाच शिकवलंय, त्यांनी स्वतः कदाचित एखादं मूल असंच गिळून टाकलेलं असतं आणि कोणी विचारलेलं नसतं. एका घरात आजी सारखी म्हणायची, टाका ते कपडे, घरात ठेवू नयेत, आणि सहा महिन्यांनी तिच्या हरिविजयाच्या पोथीत नातीची लाल रिबन सापडली, पानात खूण म्हणून ठेवलेली. कोणी काही बोललं नाही, पोथी परत जागेवर ठेवली. तुम्ही सासूबाईंना एवढंच विचारा, तुम्हाला तिची कुठली वस्तू ठेवायचीय? बघा काय म्हणतात.

वस्तूंची घाई करू नका. एक पेटी करा, त्यात मावेल तेवढं ठेवा. न धुतलेला एक फ्रॉक असेल तर प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवा, वास टिकतो थोडे दिवस. बाकीचे कपडे द्यायचे तेव्हा द्या, वर्षाने, दोन वर्षांनी. उरलेली औषधं मात्र घरात ठेवू नका, दुसऱ्या मुलाच्या हाताला लागायला नकोत. आणि हो, फाईलीतलं सगळं फेकू नका. डिस्चार्ज समरी, शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी), तिन्ही ऑपरेशन नोट्स, एवढं एका पाकिटात घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. पुढे कधी तुम्ही परत बाळाचा विचार केलात तर डॉक्टर हेच मागतील, कारण घरात एका मुलाला जन्मजात हृदयदोष असला की पुढच्या गरोदरपणात साधारण अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात पोटातल्या बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी, म्हणजे फीटल इको, करायला सांगतात. बाकी रक्ताचे रिपोर्ट, बिलं, पावत्या, ते जड गाठोडं द्यायचंय तेव्हा द्या रद्दीला.

औषधाचा अलार्म तुमच्याही फोनमध्ये असणारच. घणसोलीच्या एका ताई होत्या, त्यांच्या फोनमध्ये सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, लघवी वाढवायच्या औषधाचा अलार्म, बाळ गेल्यावरही तसाच. वाजायचा, त्या बंद करायच्या, परत दुसऱ्या दिवशी वाजायचा. मला विचारलं, वेडेपणा आहे का हा, डिलीट करू का. मी म्हटलं राहू दे. जवळजवळ चौदा महिन्यांनी त्यांनी स्वतःच काढला, त्या दिवशी फोन करून सांगितलं, आज काढला, आणि मग आम्ही दोघी काहीच बोललो नाही बराच वेळ.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण ओळींच्या मधे दिसतेय, की कोणीतरी तुम्हाला ग्रहणावरून बोललंय. "तेव्हा नीट पाळलं असतं तर" हे वाक्य तुम्ही अवतरणात टाकलंयत. हे मी स्पष्ट सांगते. बाळाचं हृदय गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात तयार होतं, बऱ्याच बायकांना तेव्हा कुठे दिवस गेल्याचं नुकतं कळत असतं. हजार बाळांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो, सगळ्या देशांत, सगळ्या जातीधर्मांत, ग्रहण पाळणाऱ्यांत आणि ग्रहण माहितही नसणाऱ्यांत. बहुतेक वेळा एकच एक कारण सापडतच नाही. तुम्ही चिरलेल्या भाजीने, शिवलेल्या कपड्याने, बघितलेल्या आकाशाने कप्पा गायब होत नाही. हे सासूबाईंना पण वाचून दाखवा हवं तर.

आणि दुसरं टोचणारं, तुम्ही विचारलंयत की तिसरं ऑपरेशन करायला नको होतं का. मी डॉक्टर नाही, पण चोवीस वर्षं हा निर्णय घेणारे आईबाप बघितलेत. एकाच पंपावर चालणाऱ्या हृदयात अशुद्ध आणि शुद्ध रक्त मिसळत राहतं, ग्लेननंतर वरच्या अर्ध्या शरीराचं रक्त थेट फुप्फुसात जातं, फाँटनमध्ये खालच्या अर्ध्याचं. मूल वाढतं तसं नुसतं ग्लेन पुरत नाही, दम लागतो, निळेपणा वाढतो, म्हणून तिसरा टप्पा सुचवतात. तुम्ही तिला धोक्यात घातलं नाहीत, धोका तिच्यासोबतच आला होता. वाट बघणं हाही एक निर्णयच होता आणि त्याचंही काही वचन नव्हतं.

तिचं पहिलं ऑपरेशन, बीटी शंट, त्याची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलीय का माहीत नाही. ते पहिल्यांदा झालं २९ नोव्हेंबर १९४४ ला, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये. मुलगी पंधरा महिन्यांची, नाव आयलीन सॅक्सन, वजन जेमतेम चार किलो, ओठ निळे. हेलन टॉसिग या मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर, त्यांची कल्पना, सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक, आणि त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून एकेक टाका सांगणारे व्हिव्हियन थॉमस, ज्यांच्याकडे डॉक्टरची पदवी नव्हती, कृष्णवर्णीय म्हणून वर्षानुवर्षं बाजूला ठेवलेला माणूस, पण हे ऑपरेशन प्रयोगशाळेत त्यांनीच बसवलं होतं. ब्लॅलॉक आणि टॉसिग, म्हणून बीटी. थॉमसचं नाव त्यात आता बरेच डॉक्टर जोडून घेतात, ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग म्हणतात. आयलीन त्या ऑपरेशननंतर गुलाबी झाली, घरी गेली, पण काही महिन्यांनी पुन्हा त्रास झाला आणि तिसरा वाढदिवस यायच्या आधीच ती गेली. ग्लेन या सर्जननी त्यांचं ऑपरेशन माणसावर १९५८ ला केलं, फाँटन यांनी १९६८ ला.

हे सांगून मी असं म्हणत नाहीये की लेकरं दुसऱ्यांच्या भल्यासाठी येतात आणि जातात. ते मला कधीच पटलं नाही, कोणाचंच मूल धडा शिकवायला जन्मत नाही, आणि असं कोणी तुमच्या तोंडावर म्हटलं तर तुम्हाला राग यायचा हक्क आहे. मी एवढ्यासाठी सांगतेय की आयलीन वाचली नाही म्हणून कोणी तिला विसरलं नाही, ऐंशी वर्षांनी नौपाड्यात बसून मी तिचं नाव लिहितेय. आणि तुम्हाला वाटतं ना की हॉस्पिटलवाल्यांसाठी ती एक केस होती, बेड नंबर होती. तसं नसतं हो. मला आजही कितीतरी मुलांचे आवाज आठवतात. आयसीयूतल्या सिस्टर ड्युटी संपल्यावर चेंजिंग रूममध्ये रडतात, तुमच्यासमोर येत नाहीत एवढंच. मन झालं तर वॉर्डला एक पत्र लिहा, तिचा हसरा फोटो लावून. उत्तर आलं नाही तरी ते कुठेतरी कोणीतरी जपून ठेवतं.

नवऱ्याबद्दल. पुरुष बोलत नाहीत म्हणजे विसरलेत असं समजू नका. दिवा गावातले एक गृहस्थ होते, मुलगा गेल्यावर घरातलं ऑक्सिमीटर त्यांनी ऑफिसच्या बॅगेत ठेवलं होतं, रोज लोकलमध्ये स्वतःच्या बोटाला लावायचे आणि ९८, ९९ बघत बसायचे. बायकोला माहीतच नव्हतं. मला त्यांनी दोन वर्षांनी सांगितलं, म्हणाले, त्याला कधी ८२च्या वर दिसलं नाही हो. अशा माणसाला "बोला ना" म्हटलं की तो अजून आत जातो. त्याला काम द्या. फोटो सगळे एका जागी करायचं काम, अल्बमचं प्रिंटिंग, फ्रेम आणणं. हाताने करता करता एखाद्या फोटोपाशी थांबेल, तेव्हा तुम्ही शेजारी बसा, बास.

मुलाचं छातीत दुखणं हलक्यात घेऊ नका आणि घाबरूनही जाऊ नका. एकदा तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, घरातली हकीकत सांगून, ते तपासतील आणि गरज वाटली तर इको सांगतील. पण तपासणी नॉर्मल आली की त्याला समोर बसवून डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या की तुझं हृदय पूर्ण आहे. भावाला वाटत असतं की आता माझा नंबर, किंवा मी तिला ढकललं होतं म्हणून झालं. त्याला "ती झोपली", "देवाघरी फिरायला गेली" असं सांगू नका, मग पोरं झोपायला घाबरतात. तिचं हृदय जन्मापासून अर्धंच होतं, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, ते थांबलं, त्यात कोणाची चूक नाही, तुझी तर अजिबात नाही. असं सरळ सांगा, आणि त्याने परत विचारलं तर परत सांगा. आठ वर्षांच्या मुलाला कळतं. वाढदिवसाला काय करायचं हे त्यालाही विचारा, मुलांचं उत्तर बहुतेक वेळा आपल्यापेक्षा बरोबर असतं.

आता दान. पहिल्या वर्षात मोठी रक्कम, ट्रस्ट, मशीन, असं काही करू नका हे माझं ठाम मत आहे. दुःखातला माणूस पटकन हो म्हणतो आणि मग हप्ते भरत बसतो. ऑपरेशनसाठी लोकांकडून जमवलेले पैसे उरले असतील तर ते मात्र अडकवून ठेवू नका, हॉस्पिटलच्या सोशल वर्क विभागाला लेखी पत्र देऊन दुसऱ्या मुलाच्या खात्याकडे वळवा आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना कळवा, मनावरचं एक ओझं कमी होतं. आयसीयूत सॉफ्ट टॉय चालत नाहीत, इन्फेक्शनमुळे, त्यामुळे टेडींची पोती नेऊ नका. खरी गरज कसली असते सांगू? बुलढाणा, नंदुरबारहून आलेल्या आईबापांच्या जेवणाची, रात्री अंग टाकायच्या जागेची, घरी परत जायच्या तिकिटाची. तुमच्याजवळ खारघरला श्री सत्य साई संजीवनीचं मुलांच्या हृदयाचं हॉस्पिटल आहे, तिथे ऑपरेशन पूर्ण मोफत होतात, लांबलांबून लोक येतात. अशा कुठल्याही ठिकाणी आधी जाऊन विचारा की बाहेर थांबलेल्या पालकांना काय कमी पडतं, आणि तेवढंच करा.

आणि रक्त. हृदयाच्या ऑपरेशनला रक्त लागतंच, तुमच्या छकुलीलाही तीनही वेळा कोणीतरी अनोळखी माणसाने दिलेलं रक्त चढलंय. पुरुष तीन महिन्यांनी आणि बायका चार महिन्यांनी परत देऊ शकतात, वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन साडेबारा हवं. तिच्या वाढदिवसाला नवरा आणि दीर गुपचूप जाऊन रक्त देऊन आले तर मला वाटतं त्यांनाही काहीतरी केल्यासारखं वाटेल, भाषण नको, बॅनर तर मुळीच नको.

पुढे कधी, वर्षादोनवर्षांनी, अंगात बळ आलं तर एक काम असं आहे जे तुमच्याइतकं चांगलं कोणी करू शकत नाही. अंगणवाडीत, लसीकरणाच्या दिवशी, चार आयांना सांगायचं की बाळ दूध पिताना मधेमधे थांबतं, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, सारखा न्यूमोनिया होतो, रडलं की ओठ-नखं निळी होतात, थोडं मोठं मूल खेळता खेळता उकिडवं बसतं, तर दृष्ट काढत बसू नका, डॉक्टरला दाखवा. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, तो फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यात जन्मजात हृदयदोष येतो आणि पुढच्या ऑपरेशनची वाट तिथून निघते. पण हे जमलं तर. मुलाची आठवण म्हणजे प्रोजेक्ट नव्हे, आणि काहीच समाजकार्य केलं नाहीत तरी तुम्ही तिची आईच आहात.

वाढदिवसाच्या दिवशी काय? थोडं आधी ठरवून ठेवा, दिवस अंगावर येऊ देऊ नका. घरच्या ग्रुपवर आदल्या दिवशी स्वतःच टाका की उद्या तिचा वाढदिवस, आम्ही तिची आठवण काढणार आहोत, कोणाकडे तिचा फोटो किंवा किस्सा असेल तर पाठवा. लोक गप्प असतात कारण त्यांना वाटतं तुम्हाला आठवण करून दिल्यासारखं होईल, जसं काही तुम्ही विसरलात. तुम्ही दार उघडलंत की येतात. केक नको वाटला तर नको. तिच्या आवडीचं एक काहीतरी घरात शिजू दे. आणि जानेवारी म्हणजे फ्लेमिंगो खाडीत आलेले असतात, मे संपेपर्यंत असतात, ऐरोलीला वनखात्याचं खाडीकिनारी केंद्र आहे तिथून भरतीची वेळ बघून बोटी सुटतात. तिघं जा, सासूबाईंना धरून चारजण. दादाला दुर्बीण द्या. रडायला आलं तर बोटीत रडा, बोटवाले काही म्हणत नाहीत. नाहीच जमलं बोटीत बसायला तर किनाऱ्यावरून बघून परत या. पुढच्या जानेवारीत ते परत येणार आहेत, तेव्हा बघू.

कोणीतरी विचारेल, मुलं किती? लग्नात, बसस्टॉपवर, पार्लरमध्ये. यावर घरी बसून आधीच विचार करून ठेवा. "दोन, धाकटी आता नाहीये" म्हणा किंवा "एक मुलगा" म्हणा, समोरचा माणूस आणि त्या दिवशीची तुमची ताकद बघून. एक म्हटलंत तर तुम्ही तिला नाकारत नाही, ते फक्त त्या माणसाला न सांगणं आहे.

झोप महिनोन्महिने येत नसेल, जेवण जात नसेल, किंवा तिच्याकडे जावंसं वाटतंय असे विचार येत असतील तर एकट्या बसू नका, घरात कोणाला तरी सांगा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. नवऱ्यासाठीही तोच नंबर.

आणि आता तो फोन. हे वाढदिवसाच्या आधी, खरं म्हणजे उद्याच. बॅटरी फुगलेला फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका, गादीखाली किंवा कपाटात कपड्यांत ठेवू नका, पेट घेऊ शकतो. स्टेशनजवळच्या जुन्या, ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे स्वतः घेऊन जा, नवऱ्याला सोबत न्या. त्याला पहिलं वाक्य हे सांगा की फक्त बॅटरी बदलायची, फोन रीसेट करायचा नाही, आत आमच्या मुलीचा आवाज आहे. तुमच्यासमोर उघडायला सांगा, ठेवून जाऊ नका. चालू झाला की तिथेच बसून व्हॉइस मेसेज आणि व्हिडिओ आधी पेन ड्राइव्हवर घ्या, मग गूगल ड्राइव्हवर चढवा, मग नवऱ्याच्या फोनमध्ये. तीन ठिकाणी. नवीन फोनवर व्हॉट्सॅप टाकताना घाईत जुन्यातलं उडतं, तेही आधी विचारा. आवाज तिथे दुकानात ऐकू नका, नुसते कॉपी झालेत का एवढं बघा. घरी या, चहा घ्या, आणि मग ऐकावंसं वाटलं तर एकच ऐका.